घरच्या वर्कशॉपसाठी वेल्डिंग टेबल: घडीचं विकत घ्यावं की ८ मिमी प्लेटचं बनवून घ्यावं?

ऑनलाइन मिळणारी घडीची वेल्डिंग टेबलं दिसायला छान असतात. खाचांमध्ये क्लॅम्प सरकतात, वरचा पत्रा तिरका करता येतो, काम संपलं की टेबल भिंतीला टेकवून ठेवता येतं. स्टुलाचा सांगाडा किंवा खिडकीच्या जाळीचे टाके मारायला ते पुरतं. अडचण वरच्या पत्र्याची आहे. तो साधारण २ ते ३ मिमी जाड असतो. एकाच जागी उष्णता मिळाली की तिथलं लोखंड फुगू पाहतं, भोवतीचं थंड लोखंड त्याला जागा देत नाही, आणि निवताना तो भाग आक्रसून पत्र्याला खळगा पडतो. जॉब, म्हणजे वेल्ड करायची वस्तू, त्याच खळग्यावर बसतो आणि तुमचा गुण्या बरोबर असूनही चौकट वाकडी निघते. वर लिहिलेली वजनाची क्षमता हातोड्याच्या घावांना लागू होत नाही, हेही ध्यानात ठेवा.

दुसऱ्या टोकाला सीगमुंडसारखी जर्मन मॉड्युलर टेबलं आहेत. त्यांच्या १६ नंबरच्या प्रणालीत क्लॅम्प बसवायला १६ मिमीची भोकं आणि १२ मिमीची प्लेट असते, २८ नंबरच्या प्रणालीत प्लेट २५ मिमीची. रोज तेच जॉब काढणाऱ्या कारखान्याला ती परवडतात. घरच्या कामाला त्यातली फक्त भोकांची कल्पना उचलावी.

आमची पसंती ८ मिमी एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं लोखंड) प्लेटला, माप १२५० × ७५० मिमी. वजन सुमारे ५९ किलो. १० मिमी घेतली तर ७४ किलो. ८ मिमीच्या खाली उतरू नका. उठावाची नक्षी असलेली चेकर्ड प्लेट तर अजिबात नको, तिच्यावर जॉब सपाट बसत नाही. भंगारातली प्लेट किलोवर स्वस्त पडते, पण गॅस कटिंग झालेली असेल तर बहुधा पीळ असतो. घेण्याआधी दोन्ही कर्णांवर दोरी ताणून बघा. चारही कोपऱ्यांवर दोरी टेकलेली असताना मध्यावर दोऱ्या एकमेकींना जेमतेम शिवल्या पाहिजेत. एक दोरी दुसरीला दाबत असेल तर दोऱ्या खालीवर करून पुन्हा बघा. आता मध्ये फट दिसली तर पीळ पक्का.

भोकं लेझर कटिंगवाल्याकडूनच पाडून घ्या. भोसरी, सातपूर, शिरोली अशा एमआयडीसींच्या आसपास हे काम सहज होतं. १६ मिमीची भोकं, दर १०० मिमीवर, कडेपासून पहिलं भोक ७५ मिमीवर: १२ × ७, म्हणजे ८४. ही ७५ ची कड मुद्दाम ठेवायची. सांगाडा प्लेटच्या कडेपासून १०० मिमी आत घेतला की ५० मिमीचा पाइप १०० ते १५० च्या पट्ट्यात येतो आणि एकही भोक झाकत नाही. बरोबर मध्यावरचा आडवा पाइपही दोन ओळींमध्ये बसतो. बाहेर आलेली १०० मिमी कड सी क्लॅम्पसाठी हवीच.

सांगाड्याला ५० × ५० × ३ चौकोनी पाइपच्या ६ मीटरच्या दोन लांब्या पुरतात. उरलेल्यात खालचा रॅक होतो. जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला पाइप स्वस्त मिळाला तरी घेऊ नका: जस्ताच्या धुराने ताप भरतो. कामाची उंची ८५० ते ९०० मिमी. चारही पायांखाली एम१६ नट-बोल्टचे लेव्हलिंग पाय द्या, कारण घरची फरशी क्वचितच लेव्हलमध्ये असते.

सगळ्यात जास्त टेबलं बिघडतात ती प्लेट जोडताना. सांगाड्याला चहूबाजूंनी सलग वेल्ड मारला की निवताना तो खालच्या अंगाने खेचतो आणि प्लेट वाकते. म्हणून वेल्ड न मारता बोल्टने जोडा. सांगाड्याला ४० × ६ पट्टीचे सहा कान लावा, त्यांना ११ मिमीचं भोक पाडा. प्लेटला ८.५ मिमी ड्रिल मारून एम१० चे आटे पाडा आणि खालून वॉशरसह १६ मिमी लांबीचा बोल्ट आवळा. त्याहून लांब बोल्ट वर डोकं काढेल. मग सरळ पट्टी ठेवून बघा. जिथे प्लेट खाली बसली असेल तिथे पाइप आणि प्लेटच्या मध्ये पत्र्याचा तुकडा सरकवा. वेल्डच करायचा असेल तर २५ मिमीचे टाके, दर २०० ते २५० मिमीवर, समोरासमोर आलटून पालटून. प्लेट हाताला गार लागल्याशिवाय पुढचा टाका नाही.

नव्या प्लेटवरचा काळा थर वीज नीट जाऊ देत नाही. अर्थ क्लॅम्पची जागा ग्राइंडरने चमकवून घ्या, नाहीतर रॉड चिकटत राहील आणि दोष मशीनला लागेल. वरच्या बाजूला रंग नको. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, काम झाल्यावर तेलाचा पातळ हात फिरवा आणि पुढच्या वेल्डआधी तो पुसून काढा. तेल राहिलं तर धूर होतो आणि वेल्डला बारीक छिद्रं पडतात.