चार कप्प्यांची वर्गीकरण पेटी: बांधणी उत्तम, लेबले दिशाभूल करणारी

सुका कचरा घरीच वेगळा करून दारावर येणाऱ्या गाडीत देणाऱ्यांसाठी एकावर एक रचता येणाऱ्या कप्प्यांचे संच मिळतात. कागद, प्लास्टिक, काच आणि धातू अशा चार कप्प्यांचा एक संच गेले काही महिने वापरात आहे. वस्तू म्हणून तो चांगला आहे. मात्र कोणत्या कप्प्यात काय टाकावे हे सांगणारी त्यावरची छापील लेबले अपुरी आहेत आणि एकदोन ठिकाणी सरळसरळ चुकीची आहेत.

आधी बांधणीविषयी. झाकण वरून न उघडता पुढून तिरके उघडते, त्यामुळे वरचा कप्पा न हलवता खालच्यात वस्तू टाकता येते. आतली टोपली पूर्ण बाहेर निघते. तिच्या तळाला उंच कंगोरे असल्यामुळे नीट न विसळलेल्या डब्यातला ओघळ खालीच राहतो आणि बाकीच्या वस्तू कोरड्या राहतात, ही बारीक सोय विचारपूर्वक केलेली आहे. बिजागरीची खुंटी मात्र प्लास्टिकची आणि बारीक आहे. काच जड असल्याने तो कप्पा सर्वांत खालीच ठेवावा. तो वर ठेवला की सगळी चळत डुगडुगते.

लेबलांची खरी अडचण प्लास्टिकच्या कप्प्यावर दिसते. तेथे बाणांचा त्रिकोण छापून खाली बाटली, पिशवी आणि काळा ट्रे अशी चित्रे दिली आहेत. वस्तूंच्या तळाशी असणारा आकड्याचा त्रिकोण पुनर्चक्रणाची हमी देत नाही. प्लास्टिक उद्योगाच्या अमेरिकी संघटनेने १९८८ मध्ये आणलेली ही १ ते ७ आकड्यांची पद्धत वस्तू कोणत्या प्लास्टिकची आहे एवढेच सांगते, आणि हा गैरसमज टाळण्यासाठीच २०१३ मध्ये त्या मानकात बाणांऐवजी साधा भरीव त्रिकोण घेण्यात आला. १ म्हणजे पीईटी आणि २ म्हणजे एचडीपीई, यांच्या बाटल्या बहुतेक ठिकाणी घेतल्या जातात. ३ म्हणजे पीव्हीसी आणि ६ म्हणजे पॉलिस्टायरीन सहसा घेतले जात नाही. पीव्हीसीचे थोडे तुकडे जरी वितळलेल्या पीईटीत गेले तरी त्याची प्रत बिघडते. पिशव्या तर या कप्प्यात नकोतच, कारण वर्गीकरण केंद्रातल्या फिरत्या चकत्यांना त्या गुंडाळल्या जातात आणि यंत्र थांबवून कामगारांना त्या कापून काढाव्या लागतात. काळ्या ट्रेची गोष्ट आणखी वेगळी आहे: त्याच्या रंगातील काजळी अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश शोषून घेते, त्यामुळे त्या प्रकाशाने प्लास्टिक ओळखणाऱ्या यंत्राला तो दिसतच नाही. ज्याने हे चित्र निवडले त्याने वर्गीकरण केंद्र पाहिले नसावे.

कागदाच्या कप्प्यावर पेयाचा कागदी पेला दाखवला आहे. त्या पेल्याला आतून पॉलिइथिलीन या प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि तो रद्दीत गेला तर लगद्यात सहजासहजी वेगळा होत नाही. तेलकट पुठ्ठा, वापरलेला टिश्यू, दुकानात मिळणारी गुळगुळीत, उष्णतेने छापलेली (थर्मल) पावती हेही येथे नकोत, पण लेबल त्यांच्याविषयी गप्प आहे. काचेच्या कप्प्यावर नुसते ‘काच’ असे लिहिले आहे. प्रत्यक्षात बाटल्या आणि बरण्या एवढ्याच चालतात. ओव्हनमध्ये वापरायची काच अधिक तापमानाला वितळते आणि चिनी मातीचे तुकडे तर भट्टीत वितळतच नाहीत, त्यामुळे त्यांचे खडे नव्या बाटलीत दोष म्हणून उतरतात. धातूच्या कप्प्याविषयी तक्रार नाही. ॲल्युमिनियम पुन्हा वितळवायला नव्याने बनवण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते, म्हणून हा कप्पा लहान असला तरी मोलाचा आहे. सगळा सुका कचरा एकत्र नेणारी गाडी असेल, तर डबे पूर्ण चपटे करू नयेत, कारण चपटा डबा यंत्रात कागदाबरोबर वाहून जाऊ शकतो.

एक उणीव गंभीर वाटते. जुन्या बॅटऱ्यांसाठी या संचात जागा नाही, त्यांच्याविषयी इशाराही नाही. लिथियम बॅटरी गाडीतल्या दाबयंत्राखाली चिरडली की पेट घेऊ शकते आणि तिच्याबरोबर सगळा कोरडा कागद पेटू शकतो. तिच्यासाठी झाकणाचा वेगळा लहान डबा ठेवावा आणि तो बॅटऱ्या स्वीकारणाऱ्या केंद्रातच द्यावा.

एवढे असूनही संच घेण्यासारखा आहे, विशेषतः जेथे गाडी प्रत्येक प्रकार वेगळा मागते तेथे. सगळे एकत्र नेले जात असेल, तर चार कप्प्यांची गरज नाही. एक मोठी पेटी आणि काचेसाठी एक टोपली पुरते. लेबले डिंकाचा डाग न सोडता सोलून निघतात. ती काढून त्यांच्या जागी आपल्याकडे कचरा नेणाऱ्या यंत्रणेची यादी चिकटवावी.