ईपीए १६३३ने पीफास तपासणी : काही महिन्यांनंतरचा अनुभव

पीफासचं, म्हणजे सहज न विघटणाऱ्या फ्लोरिनयुक्त रसायनांच्या तपासणीचं, काम सुरू केलंय म्हटलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला : मशीन कुठलं घेतलंत? नदीचं, बोअरवेलचं आणि कारखान्यांचं पाणी काही महिने ईपीएच्या (अमेरिकेची पर्यावरण संस्था) १६३३ पद्धतीने तपासल्यावर माझं म्हणणं असं, की मशीनचं नंतर बघा, आधी तुमचा ब्लँक (पीफास नसलेला कोरा नमुना) स्वच्छ येतो का ते बघा.

जानेवारी २०२४ मध्ये अंतिम झालेल्या या पद्धतीत ४० संयुगं एकाच रनमध्ये मोजली जातात. आकडे नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये. अमेरिकेत पिण्याच्या पाण्यात पीएफओए आणि पीएफओएस या दोन पीफासची मर्यादा प्रत्येकी ४ आहे, म्हणजे किती खाली उतरायचं ते कळेल. इतक्या खाली लॅबमधलंच पीफास सॅम्पलमध्ये मिसळायला लागतं. एलसीच्या (संयुगं वेगळी करणारं मशीन) टेफ्लॉन नळ्या, झाकणाचा लायनर, सगळ्यांवर संशय. पंप आणि ऑटोसॅम्पलरच्या मध्ये डिले कॉलम बसवावाच लागतो, म्हणजे मशीनमधून सुटलेलं पीएफओए सॅम्पलच्या पीकनंतर वेगळं येतं. आमच्या कोटेशनमध्ये तो नव्हता. इन्स्टॉलेशन झाल्यावर सेल्सवाल्याला आठवला! मिथेनॉलचा लॉट बदलला की आता आम्ही आधी ब्लँक चालवतो, मगच बाकीचं.

मला सगळ्यात आवडली ती बाटलीची शिस्त. अर्ध्या लिटरच्या एचडीपीई प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी सिलिंडरमध्ये ओतून मोजायचं नाही. भरलेल्या बाटलीचं वजन करायचं, कार्बन-१३वाली स्टँडर्ड्स (माहीत असलेल्या प्रमाणातली खुणेची संयुगं) थेट तिच्यातच टाकायची आणि सगळं पाणी कार्ट्रिजमधून, म्हणजे पीफास धरून ठेवणाऱ्या छोट्या नळीतून, सोडायचं. मग अमोनिया घातलेल्या मिथेनॉलने बाटली आतून विसळायची आणि तेच मिथेनॉल कार्ट्रिजवर घ्यायचं, कारण लांब साखळीची संयुगं प्लास्टिकला चिकटून बसतात. शेवटी रिकाम्या बाटलीचं वजन. वजनातल्या फरकावरून आकारमान. यामुळे एका बाटलीत एकच तपासणी होते. ‘त्यातलंच थोडं पुन्हा लावा ना’ म्हणणाऱ्या ग्राहकाला हे समजावताना घसा कोरडा पडतो.

कार्बन क्लीनअप, म्हणजे अर्कातली बाकीची घाण कार्बनने काढणं, हेही तसंच नाजूक. १० मिलिग्रॅम कार्बन टाकून जास्तीत जास्त ५ मिनिटं हलवायचं. वेळ गेली की तो हवी असलेली संयुगंही ओढून घेतो. तेवढ्यात फोन आला तरी उचलायचा नाही.

पावसाळ्यात मात्र पद्धतीने रडवलं. कागदावर वेग मिनिटाला ५ मिली. जुलैच्या गढूळ पाण्याला कुठला आलाय तो! ग्लासवूल भरूनही कार्ट्रिज तुंबते आणि एक बॅच दिवस खाते.

खरी तक्रार पीएफबीए या लहान साखळीच्या पीफासबद्दल. त्याचं एकच ट्रान्झिशन (रेणू फुटून झालेल्या तुकड्याची वस्तुमानाची खूण) मिळतं, २१३ ते १६९. पडताळायला दुसरं नाही. सांडपाण्यात तिथे भलतंच काही डोकं वर काढतं आणि सही करताना हात अडखळतो. शिवाय टीएफए (ट्रायफ्लुओरोॲसेटिक ॲसिड) या ४०मध्ये नाही, तरी रिपोर्ट हातात पडला की लोक ‘पीफास नाही’ असं वाचतात. आम्ही आता पहिल्याच पानावर तपासलेल्या संयुगांची यादी छापतो.

इटलीतल्या त्रिस्सिनोचा पीफास बनवणारा मितेनी कारखाना भूजल दूषित करून २०१८ मध्ये दिवाळखोरीत गेला. त्याची यंत्रसामग्री लोटे परशुरामला आल्याच्या बातम्या, आणि जून २०२५ मध्ये व्हिचेंझाच्या न्यायालयाने ११ जणांना ठोठावलेली शिक्षा, यानंतर कोकणातून चौकशा वाढल्या. पण पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात, आयएस १०५००:२०१२ मध्ये, पीफाससाठी मर्यादाच नाही. आकडा देतो, पण तो पास की नापास, हे कशावरून सांगणार? विचारलंच तर अमेरिकेची मर्यादा किंवा युरोपची २० संयुगांच्या बेरजेची १०० नॅनोग्रॅमची मर्यादा शेजारी लिहून देतो.

फक्त पिण्याचं पाणी करायचं असेल तर एवढा पसारा नको. ईपीएचीच ५३३ पद्धत घ्या, २५ संयुगं मिळतात आणि कार्बनची कटकट नाही. सांडपाणी, लीचेट (कचऱ्यातून झिरपलेलं पाणी), गाळ असेल तर १६३३च. दर ठरवताना मात्र आयात स्टँडर्ड्स, जादाची बाटली आणि फील्ड ब्लँक (नमुना घेतो तिथे नेलेला कोरा नमुना) आधीच धरा, नाहीतर प्रत्येक सॅम्पलमागे पदरचे घालाल.