चिऱ्याच्या भिंती, तीन स्पीकर आणि राउटरची एक जोडी

फोंडा तालुक्यातल्या प्रियोळात आमचे घर आहे. मधोमध राजांगण, त्यात तुळस, चारी बाजूंनी खोल्या, पुढे सोपो म्हणजे ओसरी आणि मागे कुळागराकडे, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेकडे, उघडणारे स्वयंपाकघर, अशी त्याची जुनी रचना असून बाहेरच्या भिंती चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या आहेत. टेप लावून मोजल्या तेव्हा त्या अठरा इंचांहून थोड्या जाडच भरल्या. या घरात दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि सोपो अशा तीन ठिकाणी एका वेळी एकच गाणे, न अडखळता, वाजावे एवढीच आमची मागणी होती. ती पुरी होईपर्यंत एक राउटर आणि एक एक्स्टेंडर माळ्यावर गेला आणि अखेरीस टीपी-लिंकच्या डेको एम४ या, मिळून घरभर एकच वायफाय पुरवणाऱ्या, दोन नगांच्या जोडीवर आम्ही थांबलो. गेले वर्षभर ती वापरात आहे.

गाण्याचा नाद घरात जुना आहे. मंगेशी इथून हाकेच्या अंतरावर, केसरबाई केरकरांचे केरी याच तालुक्यात. अशा मुलखात नाट्यसंगीताच्या कॅसेटींनी भरलेले कपाट एखाद्या घरात निघाले तर त्याचे कोणी नवल करीत नाही. सासऱ्यांनी जत्रेतल्या नाटकांचे आणि भजनी सप्ताहांचे केलेले ध्वनिमुद्रण आम्ही जुन्या लॅपटॉपवर उतरवून घेतले आहे आणि त्यांचा जुना ॲम्प्लिफायर अजून ठणठणीत आहे. त्याला गूगलचे क्रोमकास्ट ऑडिओ हे छोटे यंत्र जोडले आहे. २०१५ साली बाजारात आलेले हे यंत्र २०१९ मध्ये बंद झाले, त्यामुळे ते आता जुन्या बाजारातच मिळते. पण जुना ॲम्प्लिफायर वायफायवर आणायला याइतका सुटसुटीत उपाय माझ्या पाहण्यात नाही. स्वयंपाकघरात आणि सोप्यावर एकेक नेस्ट मिनी, म्हणजे गूगलचाच छोटा वायफाय स्पीकर आहे.

राउटर घेण्यासाठी प्रथम आम्ही बाजारातल्या एका दुकानात गेलो, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने मला एकच प्रश्न विचारला, "मॅडम, स्पीड किती पाहिजे?" संगीतासाठी राउटर घेताना हा प्रश्न जवळजवळ गैरलागू आहे. सीडीच्या दर्जाचे, काहीही न कापता पाठवलेले संगीत सेकंदाला सुमारे १.४ मेगाबिट एवढीच जागा घेते. ऑनलाइन सेवांवरचे नेहमीचे उच्च दर्जाचे गाणे तर ३२० किलोबिटांत येते. तीनही स्पीकर एकदम वाजले तरी सीडीच्या हिशेबाने पाच मेगाबिटही लागत नाहीत आणि हल्ली साधी फायबरची जोडणीसुद्धा त्याच्या कितीतरी पट देते. चित्रपट पाहताना मधला अर्धा सेकंद हरवला तर तो साठवलेल्या भागातून भरून निघतो. तीन स्पीकरांनी एकाच क्षणी एकच सूर काढायचा असेल तर मात्र त्यांच्यातला एक जरी क्षणभर मागे राहिला तरी तो गप्प होतो किंवा पुन्हा पहिल्यापासून जुळवाजुळव सुरू होते. म्हणजे हवे होते ते सातत्य, आणि खोक्यावर छापलेल्या आकड्यांत ते कुठेच लिहिलेले नसते.

त्या दुकानातून आम्ही सहा अँटेनांचा, कोळ्यासारखा दिसणारा एक राउटर आणला. त्याचे नाव घेत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. अँटेना जास्त म्हणजे आवाका जास्त हा समज सर्वत्र आहे, पण राउटरच्या प्रसारणशक्तीला सरकारी मर्यादा असते आणि अँटेनांची संख्या मुख्यतः एका वेळी किती प्रवाह सोडता येतील, लहरींना कोणत्या दिशेला वळवता येईल, याच्याशी निगडित असते. शिवाय हा संवाद दोन्ही बाजूंनी चालतो. देवळातल्या कर्ण्यावरून मारलेली हाक आपल्याला शेतात ऐकू आली तरी आपण दिलेली ओ देवळापर्यंत पोचत नाही. तशीच गत त्या मुठीएवढ्या नेस्ट मिनीची झाली. स्वयंपाकघरात फोनवर सिग्नलच्या रेषा दिसत, सिग्नलचा जोर मोजणाऱ्या ॲपमध्ये आकडा (शून्याच्या जितका जवळ तितका बरा) उणे ७८ च्या आसपास असे आणि गाणे दर दहा मिनिटांनी तुटे. अखंड आवाजासाठी उणे ६७ किंवा त्याहून बरा आकडा असावा असा सर्वसाधारण दंडक आहे. दिवाणखान्यात तो उणे ४५ होता. मधे फक्त दोन भिंती आणि राजांगण.

चिरा हा लोह आणि ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडांचा, सच्छिद्र दगड आहे. एवढ्या जाडीचा दगड लहरींना तसाही अडवतोच, त्यात पावसाळ्यात तो पाणी पितो, आणि पाणी वायफायच्या लहरी शोषून घेते. वायफायच्या लहरींचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असला तरी अशा भिंतीपुढे तो लवकर हात टेकतो, २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा संथ, पण भिंतीतून जास्त आत शिरणारा. पणजी-ताळगावच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना सल्ला नेमका उलटा द्यावा लागेल, कारण तिथे एका इमारतीत शेजाऱ्यापाजाऱ्यांची वीसेक नेटवर्क २.४ वर गर्दी करून असतात आणि त्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत: १, ६ आणि ११. आमच्या वाड्यावर घरे लांब लांब आहेत, तो पट्टा मोकळा आहे, म्हणून स्वयंपाकघरातल्या छोट्या स्पीकरला २.४ वर ठेवण्यात काही कमीपणा नाही. मायक्रोवेव्ह चालू असताना मात्र तोच पट्टा गढूळ होतो, हे तेवढे लक्षात ठेवावे.

एक्स्टेंडरचा प्रयोग थोडक्यात सांगते. अर्ध्या वाटेवर लावलेले ते यंत्र एकाच रेडिओवर ऐकते आणि त्याच रेडिओवर पुढे सांगते, त्यामुळे वेग निम्मा होतो. तो निम्मा वेगही आम्हाला पुरला असता, पण नेटवर्कचे नाव वेगळे ठेवल्याने फोन कधी याला तर कधी त्याला चिकटून बसे. महिन्याभरात ते काढले.

डेको एम४ हा वायफाय ५ पिढीतला, दोन पट्ट्यांचा संच आहे. पांढऱ्या नळकांड्याएवढा प्रत्येक नग, मागे दोन गिगाबिट पोर्ट, सगळा कारभार फोनवरच्या ॲपमधून. दोन नगांची जोडी आम्हाला साडेसात हजारांच्या आतबाहेर पडली. घरभर नेटवर्कचे नाव एकच राहते आणि फोन चालत चालत दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात गेला तरी जोडणी तुटत नाही. तरीही पहिले दोन आठवडे मी निराशच होते. दोन्ही नग एकमेकांशी बिनतारी बोलत होते, त्यासाठी स्वतंत्र रेडिओ या संचात नाही, आणि मधे त्याच दोन भिंती होत्या. संध्याकाळी सातच्या सुमारास, घरातले सगळे फोन आणि टीव्ही जागे झाले की, स्वयंपाकघरातले गाणे पुन्हा अडखळू लागे.

मग वायरमनला बोलावून माळ्यावरून, वाशांच्या कडेने, कॅट-६ केबल ओढून घेतली. आमचे अंतर तीस मीटरच्या आत भरले. अशी केबल शंभर मीटरपर्यंत चालते. तिचे एक टोक पहिल्या नगात, दुसरे दुसऱ्या नगात. ॲपमध्ये काहीही करावे लागले नाही, संचाने तारेची जोडणी आपणहून ओळखली. त्या दिवसापासून भिंतीचा प्रश्न मिटला, कारण प्रत्येक स्पीकरला आता त्याच्याच बाजूचा नग मिळतो. हजार-बाराशे रुपयांच्या केबलने आणि अर्ध्या दिवसाच्या मजुरीने जे साधले ते महागडा राउटर घेऊनही साधले नसते. जुन्या घरात राहणाऱ्या कोणालाही मी आधी तारेची वाट शोधायला सांगेन आणि राउटरचे नाव नंतर विचारायला सांगेन.

केबल ओढल्यावरही एक घोळ उरला होता, आणि तो समजायला मला चार दिवस लागले. सासूबाईंच्या फोनवर स्पीकर दिसेनात. माझ्या फोनवर तिन्ही दिसत, त्यांच्या फोनवर एकही नाही, आणि त्यांचा ठाम ग्रह झाला की मीच काहीतरी बंद करून ठेवले आहे. खरे कारण असे की इंटरनेट कंपनीने मीटरशेजारी बसवलेला डबा स्वतःही राउटरच असतो. त्याचे जुने वायफाय चालूच होते आणि सासूबाईंचा फोन त्याला धरून होता; डेको त्याच्यामागे आपले दुसरे नेटवर्क मांडून बसला होता. स्पीकर शोधताना फोन आपल्याच नेटवर्कवर "कोण कोण आहे?" अशी दवंडी पिटतो, ती दवंडी एका राउटरची शीव ओलांडून पलीकडे जात नाही. डेकोला ॲक्सेस पॉइंट या पद्धतीवर टाकले, म्हणजे वेगळे नेटवर्क न मांडता त्याने फक्त वायफाय पुरवायचे, डब्याचे वायफाय बंद केले आणि सगळे एका छपराखाली आले. पाहुण्यांसाठी वेगळे गेस्ट नेटवर्क ठेवल्यास त्यावरूनही स्पीकर दिसत नाहीत, पण ती सोयच समजावी.

इथे गाणे फोनमधून स्पीकरकडे जात नाही. फोन फक्त हुकूम देतो, गाणे स्पीकर स्वतः इंटरनेटवरून ओढतो, आणि तिघांचा गट केला की त्यातला एक म्होरक्या होऊन उरलेल्या दोघांना घरच्या नेटवर्कवरून वाटप करतो. म्होरक्या कोण हे आपल्या हाती नसते. त्यामुळे एक जरी कोपरा कच्चा असला तरी त्याचे दुखणे तिघांना भोवते, आणि फोन घेऊन कोणी बाजाराला गेले तरी घरातले गाणे चालूच राहते.

सोप्यावरच्या नेस्ट मिनीचा आवाज पावसात कौलांवरच्या माऱ्यापुढे टिकेना, म्हणून तिला एक मोठा ब्लूटूथ स्पीकर जोडला. ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला उशीर होतो. दिवाणखान्यात समेवर आलेला तबला सोप्यावर किंचित मागाहून सम गाठत होता आणि उंबरठ्यावर उभे राहिले की दोन तबलजी भांडत असल्यासारखे वाटे. गूगल होम ॲपमध्ये त्या स्पीकरच्या सेटिंगमध्ये गटातला उशीर दुरुस्त करण्याची एक सरकपट्टी आहे. विलंबित नको, मध्यलयीतला साधा ठेका लावायचा, दोन्ही खोल्यांच्या मधे उभे राहायचे आणि दोन टाळ्यांची एक टाळी होईपर्यंत पट्टी हळूहळू सरकवायची. सासरे डोळे मिटून उंबऱ्यावर बसले, मी पट्टी सरकवत गेले, आणि "आता राहू दे," असे त्यांनी म्हटले तिथे ती आजही आहे.

आज नव्याने घेणाऱ्याने वायफाय ६ चा संच घ्यावा का? किमतीत फार अंतर नसेल तर घ्यावा. एकाच वेळी पुष्कळ उपकरणे बोलत असताना ती पिढी वेळेचे वाटप अधिक चांगले करते. नेस्ट मिनी वायफाय ५ चीच असल्याने स्पीकरांना त्यातून थेट काही मिळणार नाही. गेल्या चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या मांडवीखाली) पंचवीस-तीस पाहुणे आणि तितकेच फोन घरात होते, तेव्हाही आमची जुन्या पिढीची जोडी डगमगली नाही. तिच्यात मला खटकते ते एवढेच की प्रत्येक नगाला दोनच पोर्ट असल्याने टीव्ही आणि लॅपटॉप तारेने जोडायला जास्तीचे पोर्ट देणारा वेगळा नेटवर्क स्विच घ्यावा लागला, आणि यूएसबी पोर्ट नसल्याने सासऱ्यांच्या ध्वनिमुद्रणांसाठी तो जुना लॅपटॉप चालू ठेवावाच लागतो.

विजेबद्दल दोन वाक्ये. मे अखेरीच्या आणि ऑक्टोबरातल्या गडगडाटात नग आणि डबा दोन्ही प्लगपासून काढून ठेवते, कारण माळ्यावरची तांब्याची केबल हाही विजेला एक रस्ताच आहे. एरवीच्या वीजखंडासाठी राउटरच्या अडॅप्टरशी व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घेतलेला छोटा यूपीएस पुरतो.

राजांगणात मात्र गाणे अजून दुहेरी ऐकू येते आणि त्यावर कोणत्याही राउटरकडे इलाज नाही. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो; तुळशीपासून दिवाणखान्याचे दार दोन-तीन मीटरवर आणि स्वयंपाकघराचा झरोका बाराएक मीटरवर, म्हणजे एक सूर दुसऱ्यापेक्षा सुमारे तीस मिलिसेकंद मागून येतो. सासूबाई संध्याकाळी दिवा लावायला तुळशीपाशी येतात तेव्हा, "ते रांदणीकडचे बंद कर गो," असे सांगतात, आणि मी फोनवर स्वयंपाकघरातल्या त्या एका स्पीकरचा आवाज शून्यावर आणते.