‘क्रंब’ की ‘अमेरिकन स्प्लेंडर’: आधी कोणता पाहावा?

रात्र एकच मोकळी आहे आणि अमेरिकेतल्या अंडरग्राउंड, म्हणजे मोठ्या प्रकाशकांबाहेर बंधनं झुगारून निघणाऱ्या, कॉमिक्सवाल्यांच्या घरात डोकावायचंय, तर दोन नावं हमखास सुचवली जातात. एक, व्यंगचित्रकार रॉबर्ट क्रंबवरचा टेरी झ्विगॉफचा माहितीपट ‘क्रंब’ (१९९४). दुसरा, शारी स्प्रिंगर बर्मन आणि रॉबर्ट पुल्चिनी या जोडीचा, कॉमिक्स लिहिणाऱ्या हार्वी पीकारवरचा ‘अमेरिकन स्प्लेंडर’ (२००३), जो अर्धा चित्रपट आहे आणि अर्धा माहितीपट. दोघांनाही अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात आपापल्या विभागाचं ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. पाहणाऱ्यावरचा परिणाम मात्र अगदी वेगळा.

‘क्रंब’ सांभाळून पाहायचा चित्रपट आहे. दिवाळी अंकातली व्यंगचित्रं बघत वाढलेल्या आपल्यासारख्यांना व्यंगचित्रकार म्हटलं की शि. द. फडणिसांची हसरी, निःशब्द चित्रं आठवतात. रॉबर्ट क्रंबची चित्रं त्याच्या पार दुसऱ्या टोकाची. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ‘झॅप कॉमिक्स’ काढून त्याने मनातली सगळी घाण, वासना, भीती कागदावर ओतली. बायकांची शरीरं, कृष्णवर्णीयांची विकृत रूपं, काही म्हणजे काही वर्ज्य ठेवलं नाही. झ्विगॉफ त्याचा जुना मित्र, त्याच्या बँडमध्ये वाजवणारा. तरीही त्याने मित्राची वकिली केलेली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं. कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूज क्रंबची तुलना थेट सोळाव्या शतकातल्या थोर चित्रकार ब्रॉयगेलशी करतात. पत्रकार डिअर्ड्रा इंग्लिश याच चित्रांत बायकांबद्दलचा द्वेष कुठे आणि कसा आहे, ते मुद्देसूद मांडतात. दोघांनाही पुरेसा वेळ मिळतो. निकाल आपण लावायचा. मला स्वतःला इंग्लिश यांचं बरंचसं म्हणणं पटलं, आणि तरी पुढच्याच प्रसंगात क्रंबची रेघ बघताना मी खुर्चीतून पुढे सरकलो होतो.

पण हा चित्रपट खरा आहे तो चार्ल्स, रॉबर्ट आणि मॅक्सन या तीन भावांचा. वडील अमेरिकेच्या मरीन दलातले सैनिक, कडक, हात उगारणारे. घरात कॉमिक्सचं वेड आणलं थोरल्या चार्ल्सने. धाकट्यांना धरून बसवून तो चित्रं काढायला लावायचा. कॅमेरा त्याच्यापर्यंत पोचतो तेव्हा तो पन्नाशीच्या आसपासचा आहे, आईच्या घरी एका खोलीत राहतो, औषधांवर आहे आणि जुनी पुस्तकं पुन्हा पुन्हा वाचतो. बोलतो मात्र लख्ख. स्वतःच्या अवस्थेबद्दल हसत हसत बोलतो आणि रॉबर्टही सोबत हसतो. ते हसणं ऐकवत नाही.

चार्ल्सच्या जुन्या वह्या चाळल्या जातात, ती काही मिनिटं मी विसरू शकलेलो नाही. लहानपणी त्याला ‘ट्रेझर आयलंड’ने झपाटलं होतं. आधी समुद्री चाचे, गलबतं, सगळं जोमदार. मग माणसांच्या कपड्यांवर आणि चेहऱ्यांवर सुरकुत्याच सुरकुत्या चढू लागतात. संवादांचे फुगे फुगत जातात, माणसं कोपऱ्यात दाबली जातात. शेवटी चित्र संपतं आणि पानामागून पान नुसत्या बारीक अक्षरांसारख्या रेघा. चित्रीकरण झाल्यावर, चित्रपट लोकांसमोर येण्याआधीच चार्ल्सने आत्महत्या केली. तशी पाटी शेवटी येते. घरात कुणाचं मानसिक आजारपण चालू असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

धाकटा मॅक्सन सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका स्वस्त लॉजवर राहतो, खिळ्यांच्या पाटावर बसतो, वाडगा घेऊन भीक मागतो आणि कापडाची लांब पट्टी गिळतो. हठयोगातली वस्त्रधौती ऐकून माहीत असलेल्या आपल्याकडच्या प्रेक्षकाला ते ओळखीचं वाटेल. दोन बहिणींनी बोलायला नकार दिला. त्यामुळे या घराची बाईच्या तोंडून सांगितलेली बाजू अपुरीच राहते, आणि माझ्या मते ही चित्रपटाची सर्वांत मोठी उणीव. क्रंबची पत्नी अलीन, स्वतः उत्तम चित्रकार, ती थोडीफार भरून काढते.

‘अमेरिकन स्प्लेंडर’चा हार्वी पीकार क्लीव्हलंडच्या माजी सैनिकांच्या इस्पितळात फायली लावणारा कारकून. त्याला चित्र काढताच येत नव्हतं. १९६२ मध्ये जॅझच्या तबकड्यांपायी क्रंबशी ओळख झाली. पुढे हार्वीने काडीच्या माणसांत कच्ची पानं आखून त्याला दाखवली आणि क्रंबने ती चितारायला घेतली. त्यांत किराणा दुकानातली रांग, हरवलेला आवाज, कर्करोग, बायको जॉयसशी भांडणं: सगळं रोजचंच आणि रोजच्याच भाषेत. हार्वीचं काम पॉल जियामाटी करतो, पण मधूनमधून खरा हार्वी येऊन बसतो. एका ठिकाणी खरा हार्वी आणि त्याचा खरा मित्र टोबी जेली बीन्स या गोड गोळ्यांच्या चवींवर गंभीर चर्चा करतात, आणि मागे खुर्च्यांवर बसलेले त्यांचेच नट खुदखुदत बघत राहतात. एवढ्याशा प्रसंगात चित्रपटाचं मन कळतं. त्याला या माणसांबद्दल माया आहे.

सरकारी नोकरीत मन मारून काही लिहिणारं कुणी तुमच्या घरात असेल तर त्यांच्यासोबत हाच लावा. ‘क्रंब’ आईवडिलांसोबत किंवा मुलं आसपास असताना लावू नका. चित्रं उघडीवाघडी आहेत आणि बोलणं त्याहून. चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी मात्र तो टाळू नये. क्रंब रस्त्यावरच्या विजेच्या खांबांचे आणि तारांचे फोटो जवळ ठेवून त्यावरून चित्रं काढतो, कारण हे सगळं मनाने रचता येत नाही. तेवढा भाग पाहिला तरी रेखाटनाचा एक धडा होतो.

माझा क्रम सांगतो. आधी ‘अमेरिकन स्प्लेंडर’, कारण तिथे क्रंब हा फक्त एक अबोल मित्र म्हणून भेटतो. मग आठवडाभराने ‘क्रंब’. एकाच रात्री दोन्ही नको. आणि चार्ल्सच्या वह्या येतील तिथे थांबवून सुरुवातीची पानं नीट बघा. त्यातली गलबतं खरोखर सुरेख आहेत.