पाय बेक करणाऱ्यांना ख्रिसमसचं गिफ्ट: काचेची डिश, सिरॅमिकची, की सरळ पिकॅनचं पाकीट?

थँक्सगिव्हिंग संपलं की अमेरिकेतल्या आपल्या मंडळींचं पुढचं टेन्शन सुरू. ऑफिसातलं सीक्रेट सँटा (नावाची चिठ्ठी काढून गुपचूप गिफ्ट द्यायचं ते), मुलांच्या टीचर, शेजारच्या आजी ज्या दरवर्षी न चुकता ॲपल पाय (मैद्याच्या पारीत सफरचंदाचं सारण भरून बेक केलेला गोड पदार्थ) आणून देतात, आणि हल्ली आपल्याच घरातली एखादी भाची नाहीतर वहिनी, जिला बेकिंगचं वेड लागलंय. दुकानात जावं तर एकाच शेल्फवर दहा-बारा डॉलरची डिश आणि शेजारीच पन्नासची, दोन्ही गोल, दोन्हीत पाय होतो, मग फरक कशाचा? म्हणून एकेक जोडी समोरासमोर ठेवून लिहितेय.

माझं मत आधीच सांगून टाकते. बेकिंग करणाऱ्याला गंमतीशीर गॅजेट देऊ नका, अशी वस्तू द्या जी त्याला दर वेळी लागते पण "आहे ना जुनी, चालतंय की" म्हणून तो स्वतः कधीच घेणार नाही. आणि वेळही बरी आहे, नोव्हेंबरात तीन-चार पाय नुकतेच करून झालेले असतात, काय अडलं ते ताजं असतं, गप्पांत सहज विचारलं तरी कळतं.

डिश: काच, सिरॅमिक, धातू

पायमध्ये सगळ्यात जास्त काय बिघडत असेल तर खालचा क्रस्ट, म्हणजे मैद्याची पारी. वरून पिठाच्या पट्ट्यांची जाळी सोनेरी, कडा खुसखुशीत, आणि पहिला तुकडा उचलायला गेलं की वरचं फिलिंग येतं, खालचा थर मात्र डिशलाच चिकटून, पांढरट, ओला. लोक छान छान म्हणतात आणि तो थर प्लेटमध्ये तसाच ठेवून उठतात. डिश कुठली घ्यायची हा प्रश्न निम्म्याहून जास्त या तळाचाच आहे.

काचेची म्हणजे बहुतेक घरात पायरेक्स, 1915 पासून अमेरिकन किचनात आहे, स्वस्त आहे, आणि तिचा मोठ्ठा फायदा म्हणजे डिश उचलून खालून बघता येतं तळ झालाय का. नवीन शिकणाऱ्याला याच्याइतकं उपयोगाचं काही नाही, अंदाज बांधायलाच नको. तोटा असा की पूर्वीची पायरेक्स बोरोसिलिकेट म्हणजे उष्णतेचे झटके सोसणाऱ्या काचेची असायची, आता अमेरिकेत मिळते ती टेम्पर्ड सोडा-लाइम काच, तिला तापमानातला एकदम मोठा फरक सोसत नाही. आणि पायवाली माणसं नेमकं तेच करतात ना, क्रस्ट डिशमध्ये बसवून अर्धा तास फ्रीझरमध्ये टाकतात, मग तीच डिश 425 फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये. काचेच्या डिशला असं करायचं नाही, फुटू शकते, ओव्हनमधून काढून ओल्या ओट्यावरही ठेवायची नाही. देताना हे तोंडाने सांगा, कारण लेबल कोणी वाचत नाही.

सिरॅमिकची डिश ही देखणी. एमिल हेन्री ही बर्गंडीतली फ्रेंच कंपनी 1850 पासून भांडी बनवतेय, तिची झालरीच्या काठाची डिश टेबलावर ठेवली की बाकी सजावट लागत नाही, आणि फ्रीझरमधून थेट ओव्हनमध्ये चालते असं कंपनीच सांगते. (सगळ्या सिरॅमिक डिशना हे लागू नाही हं, डिस्काउंटच्या दुकानातली सुंदर निळी डिश घेत असाल तर मागे काय लिहिलंय ते बघा.) पण जाड असल्यामुळे ती तापायला वेळ घेते, तळ उशिरा होतो, रेसिपीत लिहिलेल्या वेळेत झालाच असं समजू नका. त्यात या डिश बऱ्याचदा खोल असतात, नेहमीच्या नऊ इंची रेसिपीचं फिलिंग ओतलं की अर्धीच भरते आणि करणारी म्हणते माझंच काहीतरी चुकलं.

धातूची, म्हणजे साधी फिक्या रंगाची ॲल्युमिनियमची नाहीतर ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या स्टीलची, दिसायला अगदीच सामान्य. कोणी गिफ्ट म्हणून उघडली तर पहिल्या क्षणी चेहरा पडेल. पण तळ खुसखुशीत करण्यात हिच्या जवळपास बाकी दोन्ही येत नाहीत, कारण ती पटकन तापते. फ्रीझरमधून सरळ ओव्हनमध्ये टाका, पडली तर पोचा येईल पण फुटणार नाही. नॉनस्टिक असेल तर आत सुरी चालवायची नाही आणि खालून काही दिसत नाही, एवढंच.

मग कोणाला कुठली? जिच्याकडे चार माणसं जेवायला येतात आणि पाय टेबलावरच कापला जातो, तिला सिरॅमिक. यंदाच करायला लागलेल्या भाचीला काच. आणि जिच्याकडे या दोन्ही आहेत आणि तरी तळ ओला राहतो म्हणून कुरकुरते, तिला धातूची द्या, सोबत एक जाड ॲल्युमिनियमचा काठाचा ट्रे, तो ओव्हनमध्ये आधीच तापवून त्यावर धातूची डिश ठेवली की तळ अजून सुधारतो, वरून चेरीचा उतू गेलेला रस ओव्हन घासत बसायची वेळ आणत नाही. ट्रे पंधरा-वीस डॉलरला मिळतो आणि पायच काय, बटाट्याच्या फोडी भाजायलाही रोज निघतो.

लाटणं

इथे आपण लोक जन्मजात पुढे आहोत. अमेरिकन रोलिंग पिन म्हणजे मधे जाड दंडगोल आणि दोन बाजूंना फिरत्या मुठी. फ्रेंच पिन म्हणजे मुठी नसलेलं, दोन्ही टोकांना निमुळतं लांब लाकूड, म्हणजे आपल्या लाटण्याचा थोरला भाऊच. ज्यांनी आयुष्यभर पोळ्या लाटल्यात त्यांच्या हाताला फ्रेंच पिन पहिल्याच दिवशी बसते, कणीक कुठे जाड राहिलीय ते तळहाताला कळतं. मुठीवाल्या पिनने जोर छान लागतो, थंडगार घट्ट गोळा फोडायला बरी, पण कडेला नेमका दाब द्यायला तितकी सोपी जात नाही. अमेरिकन आजींना मात्र त्यांची मुठीवालीच लाडकी असते, तिथे बदल करायला जाऊ नका.

आता कोणी म्हणेल घरात लाटणं आहेच की. आहे, पण नऊ इंची डिशला कड धरून बारा-तेरा इंचाचा गोल लाटावा लागतो, आपलं पोळीचं लाटणं त्याला आखूड पडतं आणि पोळपाट तर फारच लहान. त्यामुळे वीस इंची फ्रेंच पिन आणि इंचाचे गोल छापलेली सिलिकॉनची मोठी मॅट, दोन्ही मिळून तीस-चाळीस डॉलरमध्ये, हे मला वहिनी लोकांसाठी सगळ्यात फिट गिफ्ट वाटतं. संगमरवरी पाट आणि संगमरवरी पिन फोटोत जबरदस्त दिसतात आणि थंड राहतात म्हणून बटर वितळत नाही हेही खरं, पण तो पाट उचलून कपाटात ठेवायचा कोणी? ज्यांचा ओटाच ग्रॅनाइटचा आहे त्यांना तर त्याची गरजच नाही.

बटर थंड का लागतं ते एका ओळीत सांगते, कारण आपल्याकडे शंकरपाळ्याला, करंजीला कडकडीत मोहन घालतात आणि इथे बरोब्बर उलट आहे. पायच्या पिठात थंड बटरचे वाटाण्याएवढे खडे तसेच राहू द्यायचे, ओव्हनमध्ये त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि थर सुटतात. हातांनी चोळलं की हाताच्या ऊबेनेच खेळ संपतो, म्हणून पात्यांचा पेस्ट्री ब्लेंडर नावाची मूठवाली वस्तू मिळते, पंधराच्या आत. छोटं पण मनापासून वापरलं जाणारं गिफ्ट आहे. फूड प्रोसेसर हेच काम अर्ध्या मिनिटात करतो पण तो दोनशेच्या घरात जातो, नवऱ्याने बायकोला द्यायचा तर ठीक, सीक्रेट सँटाचं काम नाही ते.

वजनकाटा की थर्मामीटर

अमेरिकेत अजून कपाने मोजतात. एक कप मैदा चमच्याने हलक्या हाताने भरला तर 120 ग्रॅम आणि कपच पिशवीत खुपसून काढला तर सहज 150 च्या आसपास, म्हणजे अडीच कपांच्या रेसिपीत पाऊण वाटी मैदा उगाच जास्त गेला, मग पीठ कोरडं, मग वरून पाणी, मग क्रस्ट चिवट. पंचवीस ते पन्नासमधला डिजिटल काटा हे सगळं संपवतो. झटपट तापमान दाखवणारा चांगला थर्मामीटर तेवढ्याच पैशात सुरू होतो आणि शंभरीपर्यंत जातो, त्याचा उपयोग पंपकिन पाय किंवा कस्टर्डवाल्यांना, मध्यभागी 175 फॅरनहाइटच्या आसपास बाहेर काढला की वर ती भेग पडत नाही. फळांच्या पायला त्याचं फारसं काम नाही, मधोमध रस बुडबुडे काढत जाडसर उकळताना दिसला की झाला.

तरुण मंडळींना काटा, डोळे झाकून. चाळीस वर्षं कपाने मोजणाऱ्या आजींना काटा देऊ नका, थँक यू म्हणून ड्रॉवरमध्ये जाईल.

गॅजेटं

पटापट. वाफ जायला मधे ठेवायचा सिरॅमिकचा पक्षी: गोड आहे, दोन चिरा मारल्या तरी तेच काम होतं. कडा जळू नये म्हणून सिलिकॉनची रिंग: फॉइल आहे घरात. जाळी कापायचं चाक: चालेल, मुलांना आवडतं. नुसता क्रस्ट भाजताना आत ठेवायची सिरॅमिकची वजनं: छोट्या डबीत येतात ती डिशचा तळ झाकायलाही पुरत नाहीत, आणि आपल्या घरात राजमा-हरभरे नसतील असं कुठलं घर, तेच वापरायचे, फक्त नंतर उसळीला नाही.

एका गॅजेटला मात्र माझा फुल पाठिंबा, हँडल फिरवून सफरचंद सोलणारं, बी काढणारं आणि चकत्या करणारं ते जुन्या पद्धतीचं यंत्र. पंचवीस-तीसला येतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात ॲपल पिकिंगला जाऊन अर्धा बुशेल, म्हणजे वीसेक पाउंड सफरचंदं घरी आणायची आणि मग आठवडाभर त्यांच्याकडे बघत बसायचं हा न्यू जर्सीतल्या कितीतरी मराठी घरांचा वार्षिक कार्यक्रम आहे, अशांना द्याच. साल लांबच्या लांब रिबिनीसारखी सुटते, मुलं भांडतात हँडल कोण फिरवणार म्हणून. फक्त कडक सफरचंद पाहिजे, ग्रॅनी स्मिथ एकदम मस्त, मऊ पडलेलं मॅकिंटॉश लावलं तर यंत्राच्या काट्यावरच चिरडून गरगर फिरत राहतं.

वस्तू की जिन्नस

त्या माणसाच्या किचनमध्ये काय आहे हे माहीतच नसेल तर भांडी सोडा आणि खायचा माल द्या. पिकॅनचा (अक्रोडासारखा सुका मेवा) नवा माल जॉर्जिया, टेक्सासकडे ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतो, म्हणजे ख्रिसमसला ताजा हातात, आणि एका पायला साधारण अर्धा पाउंड लागतात, तर एक पाउंडचं पाकीट म्हणजे दोन पाय. सोबत चिठ्ठी टाका की फ्रीझरमध्ये ठेव, बाहेर राहिले की खवट होतात. चेरीचं तसं नाही, पायच्या आंबट माँटमोरेन्सी चेरी मिशिगनमध्ये जुलैत येतात आणि लगेच खराब होतात, त्यामुळे आता मिळणार त्या बरणीतल्या किंवा फ्रोझन, आणि पायला दोनेक पाउंड लागतात, एकच छोटी बरणी देऊन समोरच्याला पेचात टाकू नका. बटर द्यायचं तर युरोपियन पद्धतीचं, त्यात फॅट 82 टक्क्यांच्या आसपास असतं, अमेरिकन नियमात किमान 80 लागतं. दोन टक्क्यांत काय मोठं असं वाटेल, पण चवीत कळतं. अर्थात ते हातोहात द्यायचं, कुरियरने नाही.

आणि एक गोष्ट इथे नीट बघायची. जुन्या अमेरिकन पद्धतीच्या क्रस्टमध्ये लार्ड म्हणजे डुकराची चरबी असते, काही तयार क्रस्टच्या पाकिटांतही असते. शाकाहारी घरात गिफ्ट बास्केट देताना मागचं लेबल शेवटपर्यंत वाचा. अंडं न खाणाऱ्यांकडे पंपकिन आणि पिकॅनचं साहित्य नेऊ नका, दोन्हीत अंडी लागतात. ॲपल आणि चेरी चालतात, वरून चमक यायला अंड्याऐवजी दूध किंवा क्रीम लावतात.

व्हर्माँटमधल्या किंग आर्थर बेकिंगसारख्या बेकिंगचं सामान विकणाऱ्या ठिकाणचं गिफ्ट कार्ड किंवा त्यांचा क्लास हा पर्याय आहेच, ज्याच्याकडे सगळं आहे त्याला क्लास बरा, ज्याच्याकडे काहीच नाही त्याला कार्ड.

भारतात कोणाला पाठवणार असाल तर गणित वेगळं. काच आणि सिरॅमिक बॅगेत वजन खातात आणि फुटायची भीती, धातूची डिश कपड्यांत गुंडाळून आरामात जाते. तिकडच्या ओटीजीची, म्हणजे छोट्या ओव्हनची, आतली मापं आधी विचारून घ्या, नऊ इंची डिश कान धरून अकरा-बारा इंचांपर्यंत जाते आणि लहान ओटीजीचं दारच लागत नाही. बॅटरीवरचा काटा न्या, इथला 120 व्होल्टवाला प्रोसेसर नेऊ नका.

आणि तीस डॉलरची लिमिट असलेल्या सीक्रेट सँटासाठी, जिथे समोरच्याबद्दल "पाय छान करते" एवढंच माहीत आहे, तिथे मी धातूची डिश आणि पिकॅनचं पाकीट एकत्र बांधेन, डिश साधी दिसते ते पिकॅन झाकून टाकतात. गिफ्ट रिसीट आत टाका, कारण त्या दिवशी तिला नऊ इंची डिश देणारे तुम्ही एकटे नसाल.