डीएनए रेप्लिकेशनचं मॉडेल किट: किट मस्त, सोबतचं पत्रक मात्र चुकीचं

घरात कोणी बारावीला असेल आणि बायो घेतलं असेल तर डीएनएची नक्कल (रेप्लिकेशन) कशी बनते हे तुकडे जोडून दाखवणारं हे किट नक्की घ्या. मला पुण्यात अप्पा बळवंत चौकात मिळालं, साडेसहाशेला, दुकानदारांनी बॉक्स उघडून सगळे तुकडे दाखवले. लेकीचं लॅगिंग स्ट्रँड (डीएनएच्या दोन नव्या पट्ट्यांपैकी मागे पडणारी) तोंडपाठ होतं पण ती एक बाजू तुकड्यातुकड्यांनीच का बनते हे काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं.

किटमध्ये प्रत्येक तुकड्याच्या एका टोकाला हूक आणि दुसऱ्याला भोक आहे, त्यामुळे नवीन तुकडा फक्त थ्री प्राइम टोकालाच (पट्टीच्या दोन टोकांपैकी एकाचं नाव) अडकतो, उलटीकडून कितीही जोर लावा, बसतच नाही. आणि दोन पट्ट्या एकमेकींच्या उलट दिशेला, मग हेलिकेज या एन्झाइमची रिंग पुढे सरकवत पट्ट्या सुट्या करत गेलं की एकीवर सलग जोडत जाता येतं, दुसरीवर मात्र थोडं उघडलं की मागच्या दिशेने जोडायचं, परत थोडं उघडलं की परत तेच. हेच ते ओकाझाकी फ्रॅगमेंट, जपानच्या ओकाझाकी नवरा-बायकोने १९६८ मध्ये दाखवलेले. लेक दुसऱ्या तुकड्यालाच म्हणाली, "अगं आई, दुसरा मार्गच नाहीये ना त्याला!" ए-टी या बेसच्या जोडीला दोन खुंट्या (हायड्रोजन बंध), जी-सीला तीन, हेही बरोबर. जुनी पट्टी निळी आणि नवी पिवळी असल्यामुळे शेवटी दोन्ही डीएनएत एकेक निळी पट्टी दिसते, म्हणजे मेसेलसन आणि स्टाल या शास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये ई. कोलाय या जिवाणूवर जे सिद्ध केलं तेच डोळ्यासमोर.

आता तक्रार. पत्रकातल्या चित्रात दोन्ही नव्या पट्ट्या हेलिकेजच्या मागोमाग सलग वाढताना दाखवल्यात, हे साफ चूक आहे, किटचे तुकडे तसे जुळतही नाहीत, पोरं विनाकारण गोंधळतील. दुसरं म्हणजे प्रायमरच नाही दिलेत! पॉलिमरेज (नवी पट्टी जोडणारं एन्झाइम) स्वतःहून सुरुवात करू शकत नाही, आधी प्रायमेज एन्झाइमने आरएनएचा छोटा तुकडा, म्हणजे प्रायमर, बसवावा लागतो, आणि लॅगिंगवर तर प्रत्येक फ्रॅगमेंटला नवा. आम्ही काही तुकड्यांना लाल इन्सुलेशन टेप गुंडाळून प्रायमर केले, नंतर ते काढून तिथे पिवळे तुकडे बसवायचे आणि मग लायगेज एन्झाइमची क्लिप लावून सांधा बंद करायचा, असं केलं की पूर्ण प्रोसेस नीट होते.

हूक जरा नाजूक आहेत, ओढून नका काढू, तिरकं करून सोडवा. बनवणाऱ्यांनी पत्रक बदलावं आणि प्रायमर टाकावेत, पन्नास रुपये जास्त घेतले तरी चालतील.