म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममधली यू-१ पाणबुडी: बघाच!
जर्मन नौदलाची ही पहिली पाणबुडी, १९०६ ची, जर्मनीतल्या कील शहरातल्या गेर्मानियावेर्फ्ट या जहाजबांधणी कारखान्यात बांधलेली आणि ४२ मीटर लांब, पण खरी मजा म्हणजे तिची एक बाजू कापून उघडी ठेवलीय त्यामुळे आतलं सगळं बाहेरूनच दिसतं, पाईप, व्हॉल्व, इंजिनं, आणि मधे माणसांना उरलेली जागा बघून खरंच अंगावर काटा येतो. पुढे टॉर्पेडोची नळी एकच. इंजिनं रॉकेलवर चालणारी, पाण्यावर असताना धूर इतका सोडायची की लांबूनच शत्रूला पत्ता लागणार, डिझेल जर्मन पाणबुड्यांत नंतर आलं. म्हणून पहिल्या महायुद्धात हिला लढाईवर न पाठवता ट्रेनिंगसाठीच वापरलं आणि माझ्या मते तेच तिचं मोठं काम, कारण पाणी आत घेऊन बुडायचं कसं, वर यायचं कसं, हे पोरं अशाच बोटीवर शिकली. १९१९ मध्ये धडकेत नुकसान झालं, मग ती म्युझियमकडे आली. मशिनरीची आवड असेल तर निवांत वेळ काढा, घाईत बघण्यासारखी नाहीच. म्युझियमचं नूतनीकरण टप्प्याटप्प्याने होतंय, सो जहाजांचा विभाग उघडा आहे का ते आधी चेक करा. माझ्याकडून पाच स्टार.